माझ्याआधी निघालेली

ईली गावातल्या त्या कॅसिनो हॉटेलात मी आदल्या रात्रीपासून थांबले होते. तो शनिवार होता. एकटीनं मोटरसायकलवर वाळवंट तुडवायचं म्हटलं की मधे एक दिवस कंबर टेकावीच लागते. सकाळी मोजे धुऊन वाळत घातले आणि चेनला तेल द्यायला खाली उतरले.

त्याच दिवशी एल्को गावात, तीन तासांच्या वाटेवर, माझ्या मुलीचं, मायतेचं लग्न होतं. मी जाणार नव्हते. चर्चमध्ये नवरीचा हात धरून वेदीपर्यंत न्यायला तिनं वेडला बोलावलं होतं. वेड म्हणजे तिचा बाप. ती लहान असताना, तापानं फणफणलेली असताना शेजारणीबरोबर पळून गेलेला.

"आई, एक दिवस राग गिळ ना," मायते म्हणाली होती. मी फोन आपटला आणि उलट्या दिशेला निघाले.

पार्किंगमध्ये गाडी नव्हती. चावी माझ्या खिशात.

दारावरचा रखवालदार पर्व्हिस पोट सांभाळत खुर्चीत रेलला होता.

"माझी गाडी कुठाय?"

"काय बाई, थट्टा करता? आत्ता तर घेऊन गेलात. हात पण केलात मला. काल अंगावर धावून आला होतात, म्हटलं रात्री चांगली झोप लागलेली दिसतेय!"

"मी आत्ता खाली येतेय. डोळ्यांत वाळू गेलीय का तुझ्या?"

त्याचं हसू मावळलं. "कोरीनबाई, तुम्हीच होतात. हेल्मेट घालायच्या आधी बघितलं मी."

पोलिसांना कळवतो म्हणाला. मी आत जाऊन बसले. खिडकी नसलेला तो हॉल, सिगारेटचा वास मुरलेला गालिचा, जुगाराच्या मशिनांची अखंड किणकिण. संताप डोक्यात ठणकत होता. गाडीचोरावर, पर्व्हिसवर, वेडवर. सगळ्यात जास्त मायतेवर. मी तिला एकटीनं वाढवलं आणि हात धरायला तो!

कॉफी मागितली. वेट्रेस "आणते हं" म्हणाली आणि आणली नाही. पुन्हा हाक मारली, तर ती माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलत राहिली. तिसऱ्यांदा मी टेबलावर मूठ आपटली. कुणी मान वळवली नाही. म्हाताऱ्यानं आपला कोट माझ्या मांडीवर ठेवला, रिकाम्या खुर्चीत ठेवावा तसा. मी तो भिरकावला. तो पुटपुटत वाकला आणि उचलून पुन्हा तिथंच ठेवू लागला. मी उठले.

संध्याकाळी मायतेचा फोन आला.

"आई, नीट पोचलीस ना? आलीस म्हणून किती बरं वाटलं सांगू! बाबाबरोबर नाचलीससुद्धा. मी रडलेच गं. त्याला म्हणालीस, झालं गेलं, सोडून दिलं मी..."

"ती मी नाही!" मी ओरडले. "मायते, मी इथं आहे! मी त्याला कधीच..."

"हॅलो? आई? काहीच ऐकू येत नाहीये." मग दुसऱ्या कुणाला तरी, हसत, "वाळवंटात असेल अजून."

फोन बंद झाला.

बाहेर माझ्या गाडीचा आवाज आला. तो मी हजारांत ओळखते.

ती आत आली. माझे बूट, माझी चाल. कॉलरला लग्नातलं पांढरं फूल खोचलेलं. काउंटरवर तिनं खोली सोडली. पलीकडच्या मुलीला काहीतरी गमतीचं सांगितलं. दोघी हसल्या.

"ए!" मी किंचाळले.

फक्त तिनंच वळून पाहिलं. क्षणभर. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. रस्त्याकडेला कुणाचं तरी सामान पडलेलं दिसावं, तसं पाहिलं आणि निघाली.

मी धावले.

तिच्यापुढे काचेचं दार आपोआप सरकलं. तिच्यामागे मिटलं.

माझ्यापुढे ते उघडलं नाही.

मी दोन्ही मुठींनी काच बडवली. घसा फाटेस्तोवर ओरडले. बाहेर गाडी सुरू झाली, लांब गेली.

पर्व्हिस पलीकडे अगदी हातभर अंतरावर उभा होता. तो काचेकडे वळला, थेट माझ्या तोंडासमोर वाकला आणि काचेत स्वतःला बघत आपली टोपी सरळ केली.