विष्णुपंतांचा पट

स्मरणिकेची मुद्रितं मी चौथ्यांदा तपासत होते आणि चौथ्यांदा विष्णुपंतांचं जन्मसाल १९७४ छापून आलं होतं. हवं होतं १८७४. म्हणजे ज्या माणसाच्या जन्माला दीडशे वर्षं झाली म्हणून आम्ही पुतळा-स्मरणिकेचा एवढा घाट घातला होता, तो स्मरणिकेत माझ्याहून तेरा वर्षांनी लहान होता.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली की कागद रद्द. निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळाचं चिटणीसपद घेतलं, ही माझी चूक. आमच्या मंडळात रेघच काय, अख्खा रूळ सरकला तरी कोणाला काही वाटत नाही. अध्यक्ष श्यामसुंदरजींना फक्त स्वतःच्या फोटोंची काळजी होती. विष्णुपंत आठल्यांचा उभ्या आयुष्यात एक फोटो निघाला. श्यामसुंदरजींचे स्मरणिकेत आठ होते आणि नववा त्यांनी कालच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता.

विष्णुपंतांचं काम मोठं, यात वाद नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते दारोदार फिरून मुलींची नावं मागायचे. त्यांच्या शाळेत आई शिकली, मी शिकले. मुली येईनाशा झाल्या तशी चार वर्षांपूर्वी शाळा बंद पडली. उरली ती कुलूपबंद इमारत आणि मंडळाच्या कपाटातला एक पट, म्हणजे त्यांनी स्वतः दारावर जाऊन मिळवलेल्या मुलींच्या नावांचं जाड रजिस्टर.

मंगळवारी दुपारी अडीचला प्रणोतीचा फोन आला. आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागात राहते, बँकेत आहे, मंडळाच्या गणपतीत दरवर्षी रांगोळी काढते. आवाज चढलेला होता.

"शैलजाताई, तुम्ही घरोघरी माणूस काहून पाठवून राहिल्या? आधी फोन तर करायचा ना."

"कसला माणूस?"

"शाळेचा. म्हातारे आहेत, काळा कोट, छत्री. म्हणाले, मुलीचं नाव पटावर घ्यायचं आहे. मी म्हटलं, दादाजी, हमारा तो एक ही बेटा है. तर ऐकेचनात. म्हणे, एक मुलगी राहिली आहे. मग सासूबाई आतून आल्या, त्यांनी नाव सांगितलं आणि आता खोलीचं दार लावून बसल्यात. दोन तास झाले."

"कोणाचं नाव सांगितलं?"

"मला काय माहीत! बेबी म्हणाल्या. आमच्याकडे कोणी बेबी नाही, दीदी."

मी माफी मागितली, कारण चिटणीसाचं निम्मं काम माफी मागणं हेच असतं. मग श्यामसुंदरजींना फोन लावला. मला खात्री होती, हा त्यांचाच उद्योग. पुतळ्याच्या अनावरणाआधी वर्तमानपत्रात फोटो यावा म्हणून कोणा हौशी नटाला विष्णुपंत करून फिरवत असणार.

"मी? अहो, मला वाटलं तुम्हीच पाठवलंय," ते म्हणाले. "कुंडमहूनपण फोन आला होता. तिथले ते मास्तर, त्यांच्याकडेही गेले होते. बाकी कल्पना चांगली आहे हं."

"कुंडमला कधी?"

"आजच. साडेबाराला."

प्रणोतीच्या दारात तो माणूस साडेबारालाच उभा होता. गोरखपुरापासून कुंडम गाडीनं सव्वा तास. म्हणजे दोन नट. दोघांना कोणी पाठवलं, हे अध्यक्ष आणि चिटणीस, दोघांपैकी एकही कबूल करत नव्हतं. मी फोन आपटला.

संध्याकाळी मी प्रणोतीकडे गेले. तिच्या सासूबाई तोवर बाहेर आल्या होत्या. डोळे सुजलेले, पण चेहरा इतका हलका की मला आधी त्या ओळखूच आल्या नाहीत.

"ते आत आले नाहीत," त्या म्हणाल्या. "एक पायरी खाली उभे राहिले. पाणी दिलं तर म्हणाले, आधी नाव लिहू द्या. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. लिहिताना नाव दोनदा मोठ्यानं म्हटलं."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. एक पायरी खाली, पाणी नंतर, पेन्सिल जिभेला, नाव दोनदा. हे सगळं शब्दशः मी आदल्या आठवड्यात टाइप केलं होतं. १९६१ साली विष्णुपंतांच्या एका विद्यार्थिनीनं लिहिलेली आठवणींची वही माझ्या टेबलावर होती. ती छापली गेलेली नव्हती. माझ्याशिवाय कोणी वाचलेली नव्हती.

"आणि बेबी कोण?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "माझी पहिली. आठव्या दिवशी गेली. बारसंपण नव्हतं झालं." मग म्हणाल्या, "नंबरपण सांगितला त्यांनी. अकराशे सत्तेचाळीस."

मला राग आला. कोणीतरी म्हाताऱ्या बायकांची जुनी दुःखं हुडकून त्यांच्याशी खेळत होतं आणि ते आमच्या मंडळाच्या नावावर. मी पोलिसांत जाणार होते. श्यामसुंदरजी म्हणाले, अनावरण होऊन जाऊ द्या.

गुरुवारी सदर बाजारातून रामकृष्ण डोरलेंचा फोन आला. कँटोनमेंटमध्ये लष्कराच्या भांडारात होते, आता ऐंशीच्या घरात, एकटेच राहतात. तक्रार करतील म्हणून मी माफीचं वाक्य तयार ठेवलं होतं.

"बाई, एवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले. "युनिफॉर्म कोणता आहे आता? निळाच का?"

"कोणासाठी?"

"सुमनसाठी. नाव लिहून नेलं ना त्यांनी सोमवारी. अकराशे त्रेपन्न."

मी म्हटलं, शाळा बंद आहे, चार वर्षं झाली. ते जरा समजुतीच्या सुरात, जणू मीच लहान मूल आहे अशा आवाजात म्हणाले, "अच्छा. मग निळाच शिवतो."

सुमन ही त्यांची मुलगी सत्तर साली गौरीघाटावर बुडाली होती, हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. पाच वर्षांची होती.

हा सोमवार मला खटकला. प्रणोतीकडचा नंबर अकराशे सत्तेचाळीस, तो मंगळवारचा. डोरल्यांचा त्रेपन्न, तो आदल्या दिवशीचा. म्हणजे क्रमसुद्धा धड नव्हता. खोटारडेपणा करायचा तर निदान हिशेबशीर करावा. मी तशीच ऑटो केली, मंडळाच्या कार्यालयात गेले, कपाट उघडलं आणि पट काढला.

कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. पटावर बोटभर धूळ होती. शेवटचं लिहिलेलं पान १९३४ सालचं, विष्णुपंत गेले त्या वर्षीचं. शेवटचा आकडा अकराशे शेहेचाळीस. त्याच्या खाली कोरी पानं, पिवळी पडलेली. मी एकेक उलटून पाहिलं. कुठे काही नव्हतं. पेन्सिलीचा ओरखडा नव्हता.

कोरं पान पाहून मला हायसं वाटायला हवं होतं. पण अकराशे शेहेचाळीस हा आकडा कोणत्याच छापील कागदावर नाही. स्मरणिकेतसुद्धा आम्ही 'हजारावर मुली' असंच लिहिलंय.

सुरुवातीची पानं मी पहिल्यांदाच नीट वाचली. नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला, तारीख. काही नावांपुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'आली नाही. पुन्हा जाणे.' काहींपुढे तीनदा, चारदा. आम्ही भाषणांत म्हणतो की विष्णुपंतांनी शब्द कधी टाकला नाही. तो माणूस असा होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी पट बंद केला. शाळेवरही जाऊन आले. कुलपाला गंज होता, पायऱ्यांवर पिंपळाची पानं होती, आणि एवढंच होतं.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. आई व्हरांड्यात उन्हाला बसून हरभरे सोलत होती. आई अठ्ठ्याऐंशीची आहे. कान कमी झालेत, पण डोकं माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

"तुझे विष्णुपंत येऊन गेले," ती म्हणाली.

मी पर्स खांद्यावरून काढली नाही. "कधी?"

"आत्ताच. पाणी घेतलं नंतर."

"आई, तो कोणीतरी भामटा आहे. तू त्याला काय सांगितलंस?"

"त्यांनी मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं."

"कोणतं नाव?"

आईनं एक दाणा सोलला, वाटीत टाकला. "काहून विचारून राहिलीस? तू तर शाळेत गेलीच होतीस."

चौपन्न वर्षांत त्या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. बाबांनी माझ्या धाकट्या बहिणीचे फोटो नर्मदेत सोडले होते. मी नऊ वर्षांची होते, मला कोणी 'बोलू नकोस' असं सांगितलं नव्हतं. मी आपणच गप्प झाले आणि मग तीच सवय झाली. आता आई ते नाव हरभऱ्याच्या ढिगाकडे बघत म्हणाली, साधं, हाक मारावी तसं.

"क्षमा."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. कोणालाही काय सांगतेस, कोण कुठला माणूस, दार कशाला उघडतेस, मी दिवसभर कोणासाठी मरमर करते. आई शांतपणे सोलत राहिली. माझा आवाज बसला तेव्हा म्हणाली, "अकराशे साठ. उद्यापासून पाठवा म्हणालेत."

शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरात होती. वर्षभरात तिनं पोळी लाटली नव्हती, मनगटं दुखतात. दोन पोळ्या, गुळांबा, छोटा स्टीलचा डबा. तो तिनं मला फाटकाच्या कठड्यावर ठेवायला सांगितला.

"आई, कुत्री खातील."

"ठेव तू."

मी ठेवला. वाद घालायला माझ्यात जोर नव्हता. पण खिडकीत खुर्ची ओढून बसले. कोण येतं ते मला बघायचंच होतं. सकाळचे दहा, लख्ख ऊन, समोर भाजीवाल्याची गाडी. तेवढ्यात फोन वाजला. श्यामसुंदरजी. नववा फोटो रंगीत छापणार की काळा-पांढरा?

मी त्यांना जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. मान वर केली तेव्हा कठडा रिकामा होता.

मी धावत बाहेर गेले. भाजीवाल्याला विचारलं.

"बच्ची ले गई ना," तो वांगी रचत म्हणाला. "आपकी नहीं है?"

रस्ता दोन्ही बाजूंना सरळ होता. रिकामा होता.

दुपारी साडेचारला डबा परत कठड्यावर होता. झाकण नीट लावलेलं. मी तो आईला न दाखवता आत आणला आणि माझ्या टेबलावर, मुद्रितांच्या गठ्ठ्यावर उघडला.

गुळांबा संपला होता. पोळ्यांचे काठ उरले होते, गोल, कडेकडेनं कुरतडलेले. दातांच्या खुणा स्पष्ट होत्या, लहान आणि एकसारख्या. वरच्या ओळीत मधोमध एक जागा मोकळी होती.

क्षमाचा पुढचा दात सत्तरच्या मे महिन्यात पडला होता. मीच तिला तो छपरावर फेकायला लावला. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. त्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस, ताप आला.

मी जुन्या पेटीतून नकाशांची पट्टी काढली आणि फट मोजली. साडेसहा मिलिमीटर.

अनावरण पार पडलं. श्यामसुंदरजी बोलले, वर्तमानपत्रात फोटो आला. स्मरणिकेत जन्मसाल चुकीचंच छापलं. मी काही म्हटलं नाही. सध्या माझ्याकडे वेळ कमी असतो. आईची मनगटं दुखतात, म्हणून आता पोळ्या मीच करते. खिडकीत बसत नाही. साडेचारला डबा आत आणते, काठ काढते आणि मोजते. रविवारी डबा नसतो.

पहिले अठरा दिवस साडेसहा मिलिमीटरच होतं. काल त्या मोकळ्या जागेत पोळीच्या काठावर एक नवी खूण दिसली. अगदी फिकट, पण काठाला दातेरी, नव्यानं येणाऱ्या दाताची असते तशी.