नावे, जमा आणि अंहं

ड्रायव्हर त्या दिवशी ट्रकची किल्ली परत करायला ऑफिसात गेला होता, बाकी काही काम नव्हतं. डोळे तपासणाऱ्याने त्याच्या कागदावर लाल शेरा मारला होता. शेरा मारताना वर हसला होता मेला. पण त्याचंही चुकलं नव्हतं. समोरून येतंय ती बस आहे की घर, हे ड्रायव्हरला जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं.

मालकाने किल्ली खणात टाकली. माणूस वाईट नव्हता, पण मालक होता.

"मागच्या खोलीतली जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "कारकून गेल्यापासून बिलांचा नुसता उकिरडा झालाय. तो हिशेबाचा ऑनलाइन कोर्स असतो ना, अगदी सुरुवातीचा? तो पास हो आणि बस तिथे. नापास झालास तर मात्र घरी बस. मी तरी काय करणार?"

घरी बसायचं म्हणजे दिवसभर बायकोसमोर बसायचं. त्यापेक्षा हिशेब परवडला.

सुनेने कोर्सला त्याचं नाव घातलं. "बाबा, पासवर्ड काय ठेवू?"

"ठेव काहीही. कोणी चोर आत शिरून माझा अभ्यास करून गेला, तर पाया पडीन त्याच्या."

घरात अभ्यास होणं शक्य नव्हतं. कुकर, टीव्ही आणि बायको, तिघांचं एकदमच चालू असायचं. शेवटी मालकानेच सांगितलं, मागच्या खोलीत इंटरनेटची वायर आहे, तिथे बस. दुपारी ट्रक बाहेर पडले की ऑफिसात चिटपाखरूही नसे. सून कॉम्प्युटर लावून द्यायची आणि बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसायची.

खोलीला खिडकी एकच, तीही बाहेर रचलेल्या खोक्यांनी बुजवून टाकलेली. भर दुपारी दिवा लावावा लागे. भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. मेलेल्या माणसाला घड्याळाचं काय कौतुक? कोपऱ्यात कारकुनाची वेताची खुर्ची होती. तो गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. ड्रायव्हरनेही स्वतःसाठी प्लास्टिकची आणली.

कारकून तसा सुखाने गेला, झोपेतच. पण जिवंत होता तेव्हा सगळे ड्रायव्हर त्याला टरकून असत. कपाळाला कायम बाम चोपडलेला. बिलात चूक दिसली तर ओरडायचा नाही, रागवायचा नाही. नुसता घसा खाकरून म्हणायचा, "अंहं." त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या. त्या अंहंने भले भले गडी घामाघूम व्हायचे.

तर पहिला धडा. पडद्यावर प्रश्न आला: दुकानात रोख विक्री झाली, रोकड खात्याला रक्कम नावे लिहायची की जमा, म्हणजे डेबिट की क्रेडिट?

"यात काय विचारायचं?" ड्रायव्हर पुटपुटला. "बँकेचा मेसेज काय येतो? पैसे जमा झाले. मग जमा." आणि त्याने बाण 'जमा'वर नेला.

मागून आवाज आला. "अंहं."

बाण जागीच थांबला. दिव्याची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती. मग वास आला... बामाचा. आणि मागे वेत कुरकुरला, सावकाश, कोणी पुढे वाकून खांद्यावरून वाचायला लागावं तसा.

त्याने मान वळवली नाही. वळवण्यासारखी ती राहिलीच नव्हती. त्याने बाण हळूच 'नावे'वर नेला आणि डोळे मिटून दाबला. पडद्यावर हिरवी खूण आली. मागे वेत पुन्हा कुरकुरला. कोणीतरी समाधानाने पाठ टेकली होती.

तो बाहेर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. "सूनबाई... आत कोणी आलं होतं?"

"नाही. मी दारातच आहे."

"बाम लावलायस तू?"

"मी कशाला लावू? बाबा, पहिल्याच धड्यात डोकं दुखायला लागलं?"

त्या रात्री त्याने कोर्स सोडायचं ठरवलं. पण बायको म्हणाली, "बरं झालं. उद्यापासून माळा साफ करायला घ्या." दुसऱ्या दुपारी ड्रायव्हर मुकाट मागच्या खोलीत हजर.

अंहं रोज यायचं. काही दिवसांनी भीतीपेक्षा त्याला रागच जास्त येऊ लागला. एकदा तो सरळ भिंतीकडे बघून ओरडला, "अहो, नुसतं अंहं काय? जिवंतपणी अंहं, मेल्यावरही अंहं! का चुकलं, ते बोला की!"

उत्तर म्हणून बामाचा वास तेवढा जरा जास्त आला.

"जाऊ द्या," ड्रायव्हर म्हणाला आणि स्वतःच डोकं खाजवत बसला. माल गाडीत चढवताना काय करतो आपण? ज्या गाडीवर ओझं चढलं, ते त्या गाडीच्या नावे लिहितो. ज्या गोदामातून निघालं, त्याच्याकडे जमा धरतो. म्हणजे पैसे गल्ल्यात आले, तर ओझं चढलं गल्ल्याच्या अंगावर! गल्ला नावे! आणि बँक 'जमा' म्हणते ते तिच्या वहीतलं, माझ्या नाही!

"असं आहे होय!" त्याने टेबलावर थाप मारली. मागून पहिल्यांदाच अंहं आलं नाही. एक लांब उसासा आला. कित्येक वर्षं वाट बघितल्यासारखा.

तेव्हापासून गडी खुशीत. घरी जेवायला बसला तरी चालूच. "हे बघ, भाजी ताटात आली. ताट नावे, पातेलं जमा."

"आणि धुवायचं कोणाच्या नावे?" बायकोने विचारलं. ड्रायव्हरने धुतलं. इतका खूश होता.

परीक्षेचा दिवस आला. पडद्यावर कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी दिसली. परीक्षा देणाऱ्यांवर लांबून नजर ठेवायची, हीच तिची नोकरी.

"काका, कॅमेरा खोलीभर फिरवा. आत दुसरं कोणी चालत नाही. दिसलं तर परीक्षा रद्द."

त्याने फिरवला. मुलगी पडद्याजवळ सरकली.

"काका... मागे खुर्चीवर बसलेत, त्या गृहस्थांना बाहेर पाठवा."

ड्रायव्हरने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"तिथे... कोणी नाही, बाई."

"मला दिसतायत, काका. कपाळाला काहीतरी लावलंय त्यांनी. प्लीज. नाहीतर मला रद्द करावी लागेल."

रद्द म्हणजे ही जागा गेली. रद्द म्हणजे माळा. ड्रायव्हर उठला. खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब..." तो हळूच म्हणाला. "जरा बाहेर बसता का? आज माझं मलाच करू द्या."

मग वेत कुरकुरला. बामाचा वास त्याच्या कानाशेजारून गेला. कडी आपोआप वर झाली, दार उघडलं... आणि अलगद लागलं.

"धन्यवाद," मुलगी म्हणाली. "करा सुरू."

खोली इतकी रिकामी त्याला कधीच वाटली नव्हती. एकेक प्रश्न तो ओझं चढवत, ओझं उतरवत सोडवत गेला. शेवटचा आला: मालकाने घरचे पैसे धंद्यात घातले. रोकड खातं? घाईत बाण 'जमा'कडे निघाला.

"अंहं."

तो दचकला. दार बंद होतं. मुलगी काही बोलली नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, आवाज त्याच्याच घशातून आला होता. त्याला हसूच फुटलं. बाण 'नावे'वर गेला.

पास! ड्रायव्हरने अशी आरोळी ठोकली की मालक जेवण टाकून धावत आला. सून तर नाचायचीच बाकी होती. "बाबा, तुम्ही! अहो, बाबा, तुम्ही पास!"

घरी जाताना ती म्हणाली, "पण सुरुवातीला दार का उघडलंत? त्यानंतर बाकावर इतका बामाचा वास यायला लागला... मी सरकून बसले."

"का सरकलीस?"

"काय माहीत. जागा द्यावीशी वाटली."

ड्रायव्हर मागच्या खोलीत बसू लागला, प्लास्टिकच्याच खुर्चीवर. बिलं ताळ्यावर आली. चटक अशी लागली की त्याने पुढच्या कोर्सलाही नाव घातलं. मागून अंहं चालूच होतं. हल्ली एखादं बारीक, चिरक्या आवाजात यायचं. कारकुनाला सर्दी झाली असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

दुसऱ्या परीक्षेला तीच मुलगी होती. ती ओळखीचं हसली. "काका, मागच्यांना बाहेर पाठवा."

"माहितीये मला," ड्रायव्हर ऐटीत म्हणाला. "साहेब, चला. बाकावर बसा."

वेत कुरकुरला. वास कानाशेजारून गेला. दार उघडलं. या खेपेला ते आपोआप लागेना, म्हणून लावून घ्यायला ड्रायव्हरने हात पुढे केला.

"थांबा, काका," मुलगी पडद्यावरून म्हणाली. तिची नजर पुन्हा पुन्हा खुर्चीकडून दाराकडे सरकत होती. "लावू नका इतक्यात... अजून जातायत."