पडद्यावरचा ‘पी’

सुट्टीचा दिवस होता, टळटळीत दुपार. धाकट्यानं गॅरेजचं शटर अर्धंच वर केलं होतं. ऑटोमॅटिक गिअरच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून वहिनी गाडी घेऊन त्याच्याकडेच आली. गाडी थोरल्याची.

“विकायची आहे, भाऊजी. पण घेणारा म्हणतो, पडद्यावर पार्किंगचा ‘पी’ दिसतो आणि गाडी मात्र घरंगळते.”

तीन महिन्यांपूर्वी थोरला घराच्या चढावर गाडी थांबवून मागचं फाटक लावायला उतरला होता. गाडी मागे आली आणि त्याला फाटकाशी चिरडून थांबली. “दादानं हँडब्रेकच ओढला नव्हता,” असं सगळ्यांत आधी धाकटाच बोलला होता. मग सगळेच तसं म्हणू लागले.

त्यानं गाडी लिफ्टवर घेतली, स्कॅनर जोडला. या गाडीत गिअरचा दांडा नुसता निरोप देतो. चाकं अडवणारे दात बसवते ती गिअरबॉक्सवरची छोटी मोटर. दात बसले की ‘खट्’ वाजतं, आणि शेजारचा सेन्सर पडद्याला तसं कळवतो. वायर जरा हलवली की स्कॅनरवरचे आकडे नाचत होते. पण दोष त्याला शोधावा लागलाच नाही. सेन्सरच्या प्लगवर त्याच्याच हातची काळी टेप होती.

अपघाताच्या दोन दिवस आधी थोरला गाडी दाखवायला आला होता. पाणी शिरून पिना हिरव्या पडलेल्या. नवा प्लग दुसऱ्या दिवशी मिळणार होता. “एवढ्यानं काय होतंय,” म्हणून यानं पिना पुसल्या, टेप गुंडाळली आणि भावाला वाटेला लावलं.

आता त्यानं टेप सोलली, नवा प्लग बसवला.

“काय निघालं?” वहिनीनं विचारलं.

“पाणी शिरलंय. एवढ्यात… एवढ्यातच शिरलं असेल.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. “तीन महिने मी यांना बोल लावतेय, भाऊजी. फोटोपुढे उभी राहून भांडते, साधा हँडब्रेक ओढता आला नाही का म्हणून. सासूबाई तर फोटोकडे बघतसुद्धा नाहीत.”

तो हात पुसत राहिला.

तिनं गाडी गॅरेजबाहेरच्या चढावर नेली. “नीट झालीय ना? मग हे उभे होते तसे मागे उभे राहा.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो जाऊन उभा राहिला. पाठीशी भिंत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिन बंद झालं, दार वाजलं. मागचे तांबडे दिवे मात्र जळत राहिले.

“वहिनी, ब्रेकवरचा पाय काढा.”

“मी खाली उतरलेय, भाऊजी…”

ती दाराबाहेर उभी होती, चावी मुठीत. तिनं वाकून आत पाहिलं.

“पेडल… दाबलेलंय.”

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, ‘खट्’ वाजलंच नव्हतं. सगळी गाडी त्या एका पेडलवर थांबली होती. त्याला बाजूला व्हायचं होतं, पण पाय उचलेनात.

“वर येतंय ते… हळूहळू…”

बंपर गुडघ्यांना टेकला. मागच्या भिंतीला पाठ लागली.

“दादा!” तो किंचाळला. “प्लग मी बदलला नव्हता! मला माहीत होतं. तू नाही चुकलास, मी चुकलो!”

खट्.

दिवे विझले. गाडी जागच्या जागी थांबली.

वहिनीनं चावी त्याच्या पायाशी टाकली. “हेच घरी येऊन सासूबाईंना सांगा. माझ्यादेखत.”

त्यानं सांगितलं. आई उठली, थोरल्याचा फोटो काढून मांडीवर घेतला, तळव्यानं पुसत बसली. धाकट्याशी ती त्यानंतर कधीच बोलली नाही.

संध्याकाळी तो गाडी आत घ्यायला एकटाच परतला. वहिनी ठेंगणी, सीट पुढे ओढून, स्टिअरिंगला चिकटून बसायची. आता सीट पार मागे सरकलेली होती, लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी. त्यानं बाहेरूनच खटका ओढला आणि ती पुढे लोटू लागला. दोन्ही हातांनी जोर लावला.

रिकामी सीट तसूभरही हलली नाही. तिची गादी मात्र हळूच आणखी खाली दबली.