काचवाल्याचा हप्ता

त्या दिवशी मी माझ्याच पार्लरमध्ये गिऱ्हाईक होऊन बसले होते.

डोक्याला टॉवेल, त्यावर केस वाळवायच्या यंत्राचा भलामोठा टोप आणि तोंडासमोर मासिक. यंत्र बंद होतं, पण बाहेरून कोणाला काय कळणार? दाराच्या काचेतून एक अनोळखी माणूस पावतीपुस्तक घेऊन येताना दिसला आणि मला दुसरं काही सुचलंच नाही.

"मालकीणबाई आहेत का?"

"बाहेर गेल्यात," मी मासिकाआडून म्हटलं.

"कधी येतील?"

"काही सांगून गेल्या नाहीत..."

तो जाईल असं वाटलं होतं. पण तो भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहिला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"एक विचारू? इथे गिऱ्हाइकांनाही ॲप्रन देता का? खिशात कात्री-कंगव्यासकट?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मासिक खाली घेतलं, तर तो हसत होता. चिडवणारं हसू होतं, पण टोचणारं नव्हतं.

"आरसे आमच्याकडचेच आहेत," तो म्हणाला. "स्वच्छ दिसतं ना त्यांच्यात?"

म्हणजे हा काचवाला! आरसे बसवायला त्याचा माणूस आला होता, त्यामुळे मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. पैसे मात्र त्याचेही थकवले होते.

लपण्यात आता अर्थ नव्हता. मी टोप बाजूला सारला आणि सगळं सांगून टाकलं. खुर्च्या फायनान्स कंपनीकडून हप्त्यावर घेतल्या होत्या, आरसे आणि केसांचे रंग उधारीवर. पार्लर जरा चालायला लागलं आणि दारासमोरचा रस्ता खणला गेला. चर ओलांडून, चिखलातल्या फळीवरून तोल सावरत केस कापायला कोण येणार? आता रस्ता झाला होता, बायका परतत होत्या, पण थकलेले हप्ते डोक्यावर बसले होते. या महिन्यात काही केलं नाही, तर कंपनी खुर्च्या उचलून नेणार होती. आणि खुर्च्या गेल्या की पार्लर कसलं... चार भिंती आणि त्याचे आरसे!

"त्यांचे फोन उचलता?"

"टॉवेलच्या खणात ठेवलाय फोन. उचलून सांगू काय? पैसे नाहीत म्हणून?"

"हो. आणि किती आहेत, तेही सांगायचं."

मग पैसे मागायला आलेला तो माणूस माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच बाजूने आकडे मांडायला लागला. भाडं किती, वीज किती, घरी किती लागतात, उरतं काय. म्हणाला, "सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा. सगळ्यांना एकच खरं सांगा. मलाही बोलवा हं, मीसुद्धा धनको आहे!"

पार्लर सोमवारी बंद असतं. त्या सोमवारी फायनान्सचे वसुली अधिकारी आले, रंगांचे घाऊक व्यापारी आले. मधली खुर्ची व्यापाऱ्यांनी पटकावल्यामुळे अधिकाऱ्यांना केस धुवायच्या खुर्चीत बसावं लागलं. ती मागे कलते, त्यामुळे दरडावून बोलायचं म्हटलं की ते छताकडे बघून दरडावत होते.

मी माझी कमाई सांगितली. अधिकाऱ्यांनी एक आकडा टाकला. "एवढा हप्ता तरी जमेल ना, बाई?"

आणि माझ्या तोंडाशी 'जमेल' आलंच होतं! लाजेपोटी मी आजवर सगळ्यांना तेच म्हणत आले होते. कोपऱ्यातून काचवाला हलकेच खोकला.

"नाही जमणार," मी म्हटलं. "जमेल म्हटलं, तर पुढच्या महिन्यात मी पुन्हा तुमच्यापासून लपेन. याच्या निम्मा जमेल, आणि तो एकदाही चुकणार नाही."

अधिकारी मग कसेबसे उठून बसले, ऑफिसला फोन लावला, बराच वेळ हं-हं केलं... आणि मान डोलावली. मुदत वाढवून निम्मा हप्ता, आणि तेही लेखी. माझ्या छातीवरचा दगड उतरला. व्यापारीही तयार झाले. राहिला काचवाला. त्याने आपला आकडा लिहून कागद पुढे सरकवला.

"एवढासाच?" मी चक्रावले. "अहो, असं तर फिटायला सात वर्षं लागतील!"

"केलाय हिशोब," तो कागदावर सही करत म्हणाला. "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः येईन घ्यायला."

व्यापारी एकदम रंगांचं कार्ड निरखायला लागले.

तो खरंच येत राहिला. हप्ता घ्यायला मिनिटभर, चहाला तासभर. कधी आरशाचा सैल स्क्रू आवळायचा, कधी आवळलेला उगाच सैल करून पुन्हा आवळायचा. फोन खणातून बाहेर आला होता, वाजला की मी बिनधास्त उचलत होते. आणि पहिला सोमवार जवळ आला की मी उगाचच केस दोनदा विंचरत होते.

एका सोमवारी बाहेर पावसाची भुरभुर होती, मी त्याचे केस कापत होते. तो आरशातून म्हणाला, "सात वर्षांनंतरही यायला आवडेल मला... पैसे घ्यायला नव्हे. तुमच्यासाठी. लग्न कराल माझ्याशी?"

कात्री थांबली. मला तो किती आवडत होता! पण...

"तुमचे पैसे फिटेपर्यंत हो म्हणणार नाही."

"काय?"

"उद्या आपलं भांडण झालं आणि मी गप्प बसले, तर ती बायको म्हणून की देणेकरी म्हणून? मलाच कळणार नाही."

"मग सोडले पैसे!"

"मुळीच नाही. ते तर त्याहून वाईट."

"हप्ता वाढवा मग. दुप्पट करा... हात जोडतो!"

"जमणार नाही," मी म्हटलं. "खोटं 'जमेल' म्हणायची सवय तुम्हीच मोडलीत."

अर्धेच केस कापून झाले होते, त्यामुळे बिचाऱ्याला रागावून उठूनही जाता येईना. उरलेले मी मुकाट्याने कापले. तो गेल्यावर आरशासमोर बसून पोटभर रडले.

पुढच्या पहिल्या सोमवारी तो आला नाही. आली एक ठेंगणी, नीटनेटकी बाई. काखेत पर्स, हातात छत्री.

"काचवाल्याची आई. वसुलीला आलेय."

त्यांनी पर्समधून एक कागद काढला. "तुझं कर्ज त्याने मला विकलं."

"विकलं?"

"कंपन्या विकतात, मग त्याने विकलं तर काय बिघडलं? माझ्या शिलकीतून मोजून घेतले पैसे. छदाम सोडला नाही गं, सख्ख्या आईला! आता तुझ्याकडे त्याचं काहीही येणं नाही. तू माझी देणेकरी. हप्ता तोच, आणि सून झालीस तरी सवलत नाही."

"काकू... म्हणजे सासूचं कर्ज?"

"ते सगळ्याच सुनांवर असतं म्हणतात. तुझं निदान कागदावर आहे, फिटणार तरी."

मला हसू फुटलं. "आणि आपलं भांडण झालं तर?"

"भांड की! पहिल्या सोमवारी हप्ता, बाकीचे दिवस मोकळेच आहेत." मग त्यांचा आवाज खाली आला. "त्याला नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हण, पोरी. तरी कागद हाच, हप्ता हाच. उपकारापोटी दिलेला होकार तुला नको होता ना? मलाही नकोय माझ्या मुलासाठी."

मी हप्ता दिला. त्यांनी तो दोनदा मोजला, पावती फाडली. कितीतरी दिवसांनी मला इतकं हलकं वाटत होतं.

"तो कुठे आहे?"

"रस्त्यापलीकडे. आत यायला धीर होईना म्हणाला."

मी ॲप्रनसकटच धावले. तो बंद दुकानाच्या पायरीपाशी उभा होता, खिशात हात घालून, रस्त्याकडे पाठ करून.

"अहो, धनको! तुमचं माझ्याकडे काही येणं?"

तो दचकून वळला. "काहीच नाही."

"नक्की?"

"आईची सही आहे."

"मग ऐका. तुम्ही मला फार आवडता. त्या सोमवारीही आवडत होतात. आणि माझं उत्तर... हो आहे."

तो मटकन पायरीवरच बसला.

"काय झालं?" मी घाबरले.

"काही नाही... रात्रभर झोपलो नाही. वाटलं, आता मोकळ्या झाल्यावर नाही म्हणालात तर?"

मी त्याच्या शेजारी, त्या धुळकट पायरीवर बसले आणि त्याचा हात हातात घेतला. समोर माझ्या पार्लरच्या दाराच्या काचेआड त्याची आई माझ्या खुर्चीत ऐसपैस बसून आरशात आपला अंबाडा सारखा करत होती. कोणालाच कसली घाई नव्हती.