बॉक्सवाल्याचा हिशेब

धाकटी केक सांभाळत जिना उतरत होती आणि तो पुठ्ठ्याच्या बॉक्सचा गठ्ठा घेऊन चढत होता. वळणावर दोघं समोरासमोर आली. तो भिंतीला असा चिकटला, की पाठभर चुना लागला, पण केकला धक्का लागू दिला नाही. एरवी बॉक्स त्याचे वडील आणत. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून आता हा.

"केवढ्याला देता?" त्याने केककडे बघत विचारलं.

"चारशे."

"आणि त्यात तुमचे किती?"

ती केक सावरत खाली उतरली. खरं तर हाच प्रश्न तिला रात्रंदिवस छळत होता. दादाने तीन महिन्यांची मुदत दिली होती. केकमधून काही सुटलं नाही, तर त्याच्या ओळखीच्या ऑफिसात मुकाट कारकुनी धरायची. दोन महिने सरले होते.

पुढच्या आठवड्यात बॉक्स ठेवून तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, लिहा. लोणी, अंडी, मैदा, गॅस, बॉक्स... बेरीज तीनशे ऐंशी झाली.

"करायला वेळ किती लागतो?"

"चार तास. क्रीमची फुलं असली तर पाच."

"मग ते कुठे लिहिलेत? हात काय फुकट आलेत?"

भांडी घासणाऱ्या वहिनीचा हात थांबला. तो मात्र धाकटीच्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाकडे बघत होता... तिने हात एप्रनमध्ये लपवले. आजवर केकचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं, हातांची चौकशी कुणीच केली नव्हती.

भाव सातशे ठरला, आणि फोन मुका झाला. मावशीने तर केकला सोन्याचा मुलामा देतेस का, असं तोंडावर विचारलं. दोन आठवडे धाकटी त्याच्यावर मनातल्या मनात धुमसत होती. मग एका दाताच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या वाढदिवसाला केक नेला, घासाघीस न करता सातशे मोजले आणि चार मैत्रिणींना नंबर दिला. महिनाअखेरीस दादा स्वतःच केक पोचवू लागला. कारकुनीचं नावही निघालं नाही.

हे सांगायला आणि बॉक्स घ्यायला ती त्याच्या दुकानात गेली. तो नव्हता. वडिलांनी पन्नास बॉक्सचे पैसे जुन्याच भावाने सांगितले, ते ती हल्ली देत होती त्याच्या दुप्पट. ती चपापली; भाव उतरलाय, असं तो तिला म्हणाला होता. म्हातारबुवांनी वही चाळली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि गालात हसले. उरलेले पैसे पोरगा स्वतःच्या पगारातून भरत होता, ते वहीत लिहिलेलं होतं.

तेवढ्यात तो आला.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली. "मला शहाणपण शिकवता, आणि स्वतः अर्ध्या भावाने विकता?"

त्याचे कान लाल झाले. "पूर्ण भाव लावला असता, तर तुम्ही दुसरं दुकान बघितलं असतंत. मग मी जिना कशाला चढलो असतो?"

तिने पूर्ण पैसे गल्ल्यावर ठेवले आणि बॉक्सचा गठ्ठा पुढे ओढला. त्याचा चेहरा उतरला.

"रविवारी दादा घरी असतो," ती हळूच म्हणाली. "या... बॉक्स न घेता."

वडिलांना एकाएकी सुतळी आठवली. ते लंगडत आतल्या खोलीत गेले.

"म्हणजे... काय सांगून येऊ?"

"खरं काय ते," ती म्हणाली. आणि गठ्ठ्याचं दुसरं टोक धरायला तो पुढे आला, तेव्हा तिने नको म्हटलं नाही.