बोडीतला कॅमेरा

ते साल एकोणीसशे छप्पन्नचं. वैशाखात ब्रह्मपुरीजवळच्या एका गावी बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, मासे काढणं चाललं होतं. पाणी गुडघ्याला आलेलं. मधला खड्डा तेवढा खोल. त्या खड्ड्यातून डोमाच्या जाळ्यात कॅमेरा आला. चामडी खोळीत, बटणं लावलेला.

तो मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर कार्मेलाचा. बाई माल्टा बेटावरची. आदल्या संध्याकाळी कॅमेरा तिच्या खोलीतून नाहीसा झाला होता, आणि तिथली झाडलोट डोमाच करायचा.

"तू चोर निघालास तर बोडीचा मक्ता गेला समज," मनसाराम पाटील म्हणाले. डोमाच्या घरची चूल त्या मक्त्यावरच पेटायची.

दवाखान्याचे पाहुणे प्रोफेसर गुणवंतराव पुढे झाले. आपण महिनाभर अरण्यात इथल्या बोलीचे शब्द गोळा करत हिंडतो आहोत, असं ते नागपूरला विद्यापीठाला कळवत.

"चोरी नव्हे, भाषेचा घोटाळा! इटालियनात कामेरा म्हणजे खोली. स्पॅनिशात कामारा म्हणजे फोटोचं यंत्र. माल्टाच्या भाषेत कामरा म्हणजे पुन्हा खोली. सिस्टर म्हणाल्या असतील, कामरा धू. या अडाण्याने कॅमेरा धुवायला आणला. निसटला!"

"कमरा म्हंजे खोली, मले ठावं नाई का?" डोमा उसळला. "कॅमेरा कोन धुते, साहेब? तुमी धुता का?"

लोक हसले. शाळेच्या हेडमास्तरीण अन्नपूर्णाबाई हसल्या नाहीत. प्रोफेसरांची विद्वत्ता ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं.

"सिस्टर, शेवटचा फोटो कशाचा काढलात?"

"परवा दुपारी. प्रोफेसर व्हरांड्यात झोपले. तोंड उघडं. खालून दवंडीवाला डफडं वाजवत गेला, तरी उठले नाहीत. काल मी म्हटलं, फोटो नागपूरला पाठवते."

"हसले?"

"नाही."

अन्नपूर्णाबाई वळल्या. "दवंडी कशाची होती, प्रोफेसर?"

"कसली दवंडी?"

"बघा पाटील! धुताना निसटता तर काठाशी सापडता. आणि खोळीची बटणं लावून कोण धुतो? डोमाने चोरला असता, तर आज त्याचंच जाळं पडणार तिथे टाकला असता? आज बोडीत जाळं पडणार, हे दवंडीमुळे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त झोपलेल्याला. त्याला वाटलं, बोडीत टाकलं ते बुडालं. अरण्य कसलं, या माणसाने महिनाभर व्हरांडा सोडला नाही. फोटोत तेच दिसणार होतं."

"रोल भिजला," गुणवंतराव पुटपुटले. "आता कोणी बघणार नाही."

"सारं गाव महिनाभर बघतंय!"

ते दुपारच्या मोटारीने गेले. पाटलांनी डोमाची माफी कधी मागितली नाही. मक्ता मात्र मरेपर्यंत डोमाकडेच राहिला, पुढे त्याच्या लेकीकडे. सिस्टर त्याच गावच्या मातीत गेल्या. अन्नपूर्णाबाई शाळेतून निवृत्त झाल्या, त्या वर्षी गुणवंतरावांचा जाडजूड शब्दकोश निघाला, ‘अरण्यात वेचलेला’. बाईंनी तो एकदाच उघडला.

त्यात ‘बोडी’ हा शब्द नव्हता.