चार पानं जास्त

बाइंडरनं गठ्ठा पालथा घातला, अंगठा ओला केला आणि पाच-पाच पानं सरकवत मोजायला लागला. पटकथा तो कधीच वाचत नसे. बावीस वर्षं पालथ्या गठ्ठ्यांवर हात फिरवलेला माणूस. कुणाच्या कथेत कोण मेलं नि कोण कुणाबरोबर पळालं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पानांना तीन भोकं पाडायची, वरच्या आणि खालच्या भोकात पितळी पिना घालून मागे वाकवायच्या, मधलं भोक रिकामं सोडायचं. फिल्म कंपनीला असंच लागतं म्हणे. का, ते कंपनीला ठाऊक.

"एकशे चोवीस, वहिनी," तो म्हणाला.

समोर स्टुलावर बसलेल्या बाई पुढे सरकल्या. कंपनीचा नियम साधा होता. एकशे विसाच्या वर एक पान जरी गेलं, तरी पटकथा न वाचता परत. आणि मुदत आज संध्याकाळी पाचची. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

बाई टायपिस्ट. लग्नाआधी कचेरीत टाइप करायच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या पटकथा. तीस वर्षांत त्यांनी त्याच्या लिखाणातला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. तेवीस पटकथा टाइप केल्या, तेवीस परत आल्या. चोविसावी लिहून झाली आणि तो हॉस्पिटलात गेला, तो परत आला नाही. आदल्या दिवशी उशीला टेकून त्यानं एवढंच म्हटलं होतं, "ही एक तेवढी पोचव." त्याला आता आठ महिने झाले. बाईंनी घरून एकशे वीस पानं मोजून आणली होती. पण कंपनीनं यंदा अक्षराचं माप वाढवलं होतं आणि ते छापलं होतं नियमांच्या कागदाच्या मागच्या बाजूला. तिथं कोण बघतंय? बाइंडरनं बघितलं, माप बदलून पुन्हा छापलं आणि चार पानं वाढली.

त्यानं कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्यांच्यापुढे सरकवला. कात्री लावा, म्हणाला, सगळेच लावतात, लेखक मरत नाही त्यानं. मग काय बोलून गेलो ते लक्षात आलं तशी त्यानं जीभ चावली आणि उगाच पिनांचा डबा आवरायला घेतला.

बाई बसल्या. कात्री लावायची तरी कुठं? कथा होती रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची, आणि प्रत्येक प्रसंग पुढच्यात असा अडकवलेला की एक ओढला तर सगळं उसवावं. सुटी अशी एकच व्यक्ती होती, त्या माणसाची बायको. तिला नावसुद्धा नव्हतं. चार प्रसंग, चार पानं. पहिल्यात ती डाव्या गुडघ्यावर हात ठेवून जिना चढते, एवढंच. टाइप करताना बाई म्हणाल्या होत्या, "तुम्हाला दुसऱ्या कुणाचा गुडघा नाही का मिळाला?" त्यावर तो म्हणाला होता, "दुसऱ्या कुणाचा गुडघा माझ्या ओळखीचा असायला हवा होता का?" दोघंही त्यावर पोट धरून हसली होती.

घरी ऐनवेळी पाहुणे वाढले की बाई आपल्याच ताटात कमी वाढून घेत. इथंही त्यांचा हात आधी तिकडेच गेला. ही बायको काढली तर कथेला कळणारही नाही, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि त्यांनी जिन्याचं पान पुसलं.

एकशे तेवीस.

छापलेलं पान घ्यायला त्या उठून मशीनपर्यंत गेल्या. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, गुडघ्यानं कुरकुर केली नाही. अकरा वर्षं उठता-बसता देवाचं नाव घ्यायला लावणारा गुडघा. त्यांनी पाय वाकवून बघितला, सरळ करून बघितला. खुर्ची चांगल्या उंचीची असेल. काही असो, बरं वाटलं.

दुसऱ्या प्रसंगात बायको आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून त्याचे श्वास मोजते. तो त्यानं अंथरुणात पडल्या पडल्या लिहिला होता. बाईंनी डोळे बारीक करून, न वाचता पुसला.

एकशे बावीस.

आणि छातीतलं ओझं उतरलं. आठ महिने रोज सकाळी जाग यायची ती त्या ओझ्यासकट. आता श्वास थेट तळापर्यंत गेला. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं त्यांचं मन पुन्हा पुन्हा तिथं जाऊन चाचपत होतं; काही नव्हतं. शेवटच्या दिवसांत त्याचा श्वास कसा वाजायचा, ते आठवून बघितलं. तो गेला, एवढंच आठवत होतं, पेपरात वाचल्यासारखं. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तिसऱ्यात नवराबायको उतू गेलेल्या दुधावरून कडाकडा भांडतात आणि भांडता भांडता हसायला लागतात. हे पान पुसताना मात्र बाईंना वाईट वाटलं.

एकशे एकवीस.

बाइंडरनं पाण्याचा पेला आणून ठेवला. "घ्या, मॅडम."

बाईंनी मान वर केली. बाइंडर सहज विचारत होता की मॅडम कुठल्या टायपिंगवाल्यांकडून आल्या, लेखकांचं काम त्यांच्याकडे कसं आलं. थट्टा करतोय, असं आधी त्यांना वाटलं. "बावीस वर्षं ओळखता मला," त्या म्हणाल्या. तो ओशाळला. त्यांच्या चेहऱ्याकडे त्यानं निरखून बघितलं, अगदी मनापासून प्रयत्न केला बिचाऱ्यानं, आणि शेवटी मान हलवली.

"लेखक एकटेच यायचे, मॅडम. लग्न नव्हतं केलं त्यांनी. एकटा जीव."

बाईंनी आपल्या हाताकडे बघितलं. सकाळी साबण लावताना बोटातली अंगठी त्यांनी फिरवली होती. आता अंगठी नव्हती. तीस वर्षांचा तिचा वळसुद्धा नव्हता.

अजून वेळ गेली नव्हती. पुसलेलं परत आणणारी कळ तिथंच होती. तीनदा दाबली की तिन्ही पानं जागच्या जागी. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. घड्याळात चार वीस.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा. "आई, झालं का गं? बाबांचं जमा झालं की पहिला फोन मला. मी वाट बघतेय."

"करते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लेक आहे. बाबा म्हणतेय, आई म्हणतेय. मग काही बिघडलेलं नाही. बाइंडर म्हातारा झाला आणि अंगठी मोरीत पडली असेल.

चौथा प्रसंग उरला होता. शाळेत जायच्या आधी आई मुलीचे केस विंचरते. बाकी त्यात काहीच घडत नाही.

बाईंनी तो बाजूला ठेवला. दुसरीकडून ओळी कापून बघितल्या. रेडिओचं वर्णन कमी केलं, पावसाचं कमी केलं, एक आख्खं गाणं उडवलं. छापलं की एकशे एकवीस. पुन्हा छापलं, एकशे एकवीसच. बाइंडरनं स्वतः दोनदा मोजलं.

चार अडतीस.

कळ दाबली असती तर गुडघा परत आला असता, ओझं आलं असतं, अंगठी आली असती. आणि पटकथाही परत आली असती, चोविसाव्यांदा, कुणी न वाचलेली. पंचविसावी आता कोण लिहिणार होतं? ही एक तेवढी पोचव, म्हणाला होता.

कागदच आहे शेवटी, असं बाई मोठ्यानं म्हणाल्या.

त्यांनी पान पुसलं.

एकशे वीस.

बाइंडरनं गठ्ठा ठोकून कडा जुळवल्या. भोकं पाडली. वर एक पीन, खाली एक पीन. मागे वाकवल्या.

बाई धावत निघाल्या. दोन चौक, एक जिना, एक खिडकी. पाचला चार मिनिटं कमी होती. खिडकीतल्या कारकुनानं वजन केल्यासारखी पटकथा हातावर तोलली, शेवटचा आकडा बघितला, पिना बघितल्या, मधल्या भोकावरून बोट फिरवलं आणि शिक्का मारला. सगळं नीट असलेली आजची ही पहिलीच, असंही तो म्हणाला. मग अर्जातल्या एका रकान्यावर पेन टेकवलं. लेखकाशी नातं काय?

बाईंनी रकाना वाचला.

"टायपिस्ट," त्या म्हणाल्या.

पावती घेऊन त्या बाहेर आल्या. ऊन कललं होतं, वारा छान सुटला होता. काम वेळेवर झालं की किती मोकळं वाटतं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घरी घाईनं पोचायचंसुद्धा कारण नव्हतं.

पायऱ्या उतरताना फोन वाजला. नुसता नंबर होता, नाव नव्हतं.

"आई, झालं जमा?" पलीकडून एका मुलीनं विचारलं.

"राँग नंबर लागलाय, बाळा."

मुलगी जराशी हसली. "आई, थट्टा पुरे हं. सांग ना."

"थट्टा नाही गं," बाई शक्य तितक्या मायेनं म्हणाल्या. "मला मूलबाळ नाही." पलीकडचं हसू थांबलं. त्यांनी अलगद फोन ठेवला.

तो लगेच पुन्हा वाजायला लागला. पर्समध्ये वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. बाईंना पोरीची फार कीव आली. हिच्या आईनं हिचा फोन उचलायला हवा होता, असं त्यांना वाटून गेलं, आणि डावीउजवीकडे बघून त्या सावकाश रस्ता ओलांडायला लागल्या.